हवेच्या गाडीला बाभळीचे ठोकळे

माझी बायको भिवरा वारून चार महिने झाले होते, तेव्हा धारूरच्या घाटात गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. सोळा सालचा उन्हाळा होता. मी आमच्या गावच्या दूध सोसायटीची गाडी चालवतो. सकाळी दुष्काळातल्या गुरांच्या छावणीवर दूध गोळा करायचं, तेलगावला दूध संघाच्या केंद्रावर घालायचं आणि मोकळे कॅन घेऊन परत यायचं, एवढंच काम.

गाडीबद्दल आधी सांगावं लागेल. ती दुधासाठी केलेली गाडी नव्हती. आमच्या भागातले पुढारी अर्जुनराव, त्यांनी ती परदेशी मोठी गाडी पुण्याहून आणली होती. सात वर्षं वापरली, मग नवी घेतली आणि जुनी सोसायटीला देऊन टाकली. देताना गाडीला हार घातला, फोटो काढला. आम्ही मागच्या सीटा काढल्या, खाली पत्रा ठोकला आणि तिच्यात कॅन भरायला लागलो. तेलगावला पहिल्या दिवशी लोक बघायला गोळा झाले होते.

त्या गाडीला मागच्या बाजूला लोखंडी स्प्रिंग नाहीत, पाटेही नाहीत. त्या जागी हवेचे दोन रबरी फुगे आहेत. ओझं टाकलं की मागचा भाग जरा दबतो, मग आतला लहान कॉम्प्रेसर घुरघुरतो, फुग्यांत हवा भरतो आणि गाडी पुन्हा होती तेवढी वर येते. सुगीच्या वर्षी आम्ही दहा दहा कॅन नेले, तरी तिचं बूड कधी टेकलं नाही. खड्ड्यातून गेलं तरी दूध हिंदकळायचं नाही. संघाचे लोक म्हणायचे, तुमच्या गावचं दूध पाळण्यातून येतं.

तिचं एक पथ्य होतं. डिकीत डाव्या अंगाला झाकणाखाली एक बटन आहे. चाक बदलायला गाडी जॅकवर घ्यायची असेल तर आधी ते बटन बंद करायचं. नाही केलं तर गाडीला वाटतं आपण फार वर गेलो, आणि ती फुग्यातली हवा सोडून देते. रिकामा फुगा दुमडतो. मग गाडी खाली घेतली की तो मध्ये चेपतो आणि फाटतो. अर्जुनरावांच्या ड्रायव्हरनं हे आम्हा दोघांना गाडीमागं उभं करून सांगितलं होतं. भिवरानं ते वहीत लिहून घेतलं. मी ऐकून घेतलं.

आमचं सगळं असंच चालायचं. अठरा वर्षं आम्ही ऊसतोडीला गेलो. मुकादम नवराबायकोला मिळून एक कोयता धरतो. आम्ही दोघं एक कोयता होतो. मी तोडायचो, ती शेंड्याची वाढं कापायची, मोळ्या बांधायची. किती मोळ्या झाल्या, गाडी कधी येणार, उद्या कुठल्या फडात जायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. ती सातवी शिकलेली. मी चौथीत शाळा सोडली. पुढं माझे गुडघे गेले तेव्हा सोसायटीनं तिला दूध मोजायला घेतलं आणि मला गाडीवर. तेव्हाही ती माझ्या शेजारी बसायची. वाटेत दोनदा पंक्चर झालं होतं. दोन्ही वेळी मी जॅक काढला आणि तिनं डिकी उघडून बटन बंद केलं. मी तिला ते करताना बघितलंसुद्धा नव्हतं. ते काम तिचं होतं.

घाटात चाक बसलं तेव्हा मी एकटाच होतो. चाकांना दगड लावले, जॅक लावला, गाडी उचलली. फुस्स असा आवाज आला. मला वाटलं पंक्चरच्या चाकाची राहिलेली हवा असेल. स्टेपनी चढवली, नट आवळले आणि जॅक सोडला. गाडी खाली आली ती येतच राहिली. मागचा पत्रा टायरवर जाऊन बसला. कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरला, मग जळका वास आला आणि तोही बंद पडला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. तेव्हा मला बटन आठवलं.

त्या दिवशीचं दूध उन्हात नासलं. गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून धारूरला पंडितच्या गॅरेजवर नेली. पंडित आमच्याच गावचा, मला मामा म्हणतो.

संध्याकाळी मी दगडाबाईकडं गेलो. दगडाबाई सोसायटीची चेअरमन. साठीची बाई, मी तिला आक्का म्हणतो. मी तिला सांगितलं की मोठा दगड खालून लागला आणि फुगा फाटला. संघाचा नियम तिला माझ्यापेक्षा पक्का ठाऊक होता. सलग तीन दिवस शंभर लिटरच्या खाली दूध आलं की गावाचं संकलन बंद. एकदा बंद झालं की पुन्हा सुरू करायला जिल्ह्याला खेटे घालावे लागतात, आणि दुष्काळाच्या साली संघ तसंही गावं कमी करायला बसलेला होता. आमच्या शेजारच्या दोन गावांचं तसंच झालं. दूध घेणारं कोणी नाही म्हटल्यावर लोकांनी महिन्याभरात गाई बाजारात नेल्या आणि मिळेल त्याला दिल्या. आमच्या छावणीत तेव्हा दुभती गुरं चाळीसच्या आसपास होती. शेतात काही नव्हतं. चूल पेटत होती ती त्या दुधावर.

माझीही एक गाय छावणीत होती. ती दूध देत नव्हती. तिला भिवराच्या हाताची सवय. ती गेल्यावर गाय पान्हा सोडेना. बाया म्हणाल्या, भिवराचं लुगडं नेसून धारेला बस, सोडती का न्हाई बघ. मी बसलो नाही. गाय आटली.

दुसऱ्या दिवशी पिकअप शोधला. सगळ्या गाड्या पाण्याच्या टाक्या नाहीतर चारा वाहत होत्या, कोणी मोकळं नव्हतं. शेवटी गावात मिळाल्या त्या दोन मोटारसायकलींना एक एक कॅन बांधून पाठवला. ऐंशी लिटर. म्हणजे दुसरा दिवसही गेला.

मी पंडितकडं गेलो. त्यानं मागची चाकं काढून ठेवली होती. फाटलेला फुगा त्यानं मला हातात दिला. रबरावर आडवी घडी पडली होती आणि घडीवरच तो फाटला होता.

‘मामा, हे दगडाचं काम न्हाई,’ तो म्हणाला. ‘जॅक लावताना बटन बंद केलतं का?’

मी फुगा त्याला परत दिला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. फुगा पुण्याहून येतो, त्याला दहा दिवस लागतील, आणि एक घेऊन चालणार नाही, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतात, एक जुना एक नवा ठेवला तर नवाही टिकत नाही, असं तो सांगत होता. शिवाय कॉम्प्रेसर. मी म्हटलं, दहा दिवस माझ्याकडं नाहीत, उद्याचा एक दिवस आहे. आपल्याकडं ट्रॉलीचा पाटा तुटला की लाकूड घालून घरापर्यंत आणतोच की.

तो म्हणाला, ‘ही ट्रॉली हाय का?’

मी म्हटलं, ‘सध्या तर हाय.’

पंडित थोडा वेळ गाडीखाली निजून राहिला. मग बाहेर आला आणि सॉ मिलवर गेला. वाळलेल्या बाभळीचे दोन गोल ठोकळे कापून आणले, वीतभर उंच. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांना वरखाली गुंडाळले आणि फुग्यांच्या जागी ते ठोकून बसवले. हवेच्या नळ्या बांधून टाकल्या. गाडी जमिनीवर आली तेव्हा मागून सरळ उभी होती. मी बंपरवर बसून हिसका देऊन बघितला. काही हललं नाही. दगडी ओट्यावर बसल्यासारखं वाटलं.

पंडितनं मागच्या टायरमधली थोडी हवा कमी केली. म्हणाला, आता एवढीच उशी. रिकामी जाईल, माणूस बसला तरी जाईल. पण दुधाचं मी सांगू शकत नाही, हिसक्यानं दूध घुसळून निघेल. जोरात गेलात तर ठोकळा फुटेल, नाहीतर गाडी फुटेल.

रात्र व्हायच्या आत मी गाडी गावात आणली. सात किलोमीटरला पाऊण तास लागला. दगडाबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकून ठोकळे बघितले.

मी तिला अडचण सांगितली. संघाचं केंद्र साडेनऊला बंद होतं. छावणीवरचं दूध गोळा होऊन निघायला साडेसहा वाजतात. सव्वीस किलोमीटर. बैलाच्या चालीनं गेलो तर दूध शाबूत राहील पण वेळ टळेल, आणि ऊन चढलं की दूध कॅनमध्येच नासायला लागेल. जोरात गेलो तर वेळेत पोचू, पण झाकण उघडल्यावर आत लोणी निघेल. संघ लोण्याचे कण दिसलेला कॅन घेत नाही.

दगडाबाई म्हणाली, धारा अर्धा तास आधी काढू, ते मी बघते. मग तिनं विचारलं, उद्या किती दूध होईल. मी म्हटलं, दीडशेच्या आत. ती ओट्यावर बसली. तिच्या आजोळी दही घुसळून लोणी बाजारात विकायचे, तिला त्यातलं कळत होतं.

‘गच्च भरलेलं मडकं घुसळत न्हाई,’ ती म्हणाली. ‘रिकामी जागा असंल तर दूध आपटतं. तीन कॅन गळ्यापर्यंत भरायचे, बोट बुडवायला जागा ठिवायची न्हाई. उरलेलं चवथ्यात. चवथ्याचं काय व्हईल ती होवो.’

तीन कॅन म्हणजे एकशेवीस लिटर. शंभराच्या वर. मला ते सुचलं नव्हतं.

सकाळी बायांनी लवकर धारा काढल्या. तीन कॅन असे भरले की झाकण दाबताना दूध बाहेर आलं. चौथ्यात पंचवीस लिटर होतं. छावणीतली काही माणसं त्या कॅनकडं बघत उभी होती. कोणाचं दूध त्यात गेलं हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि दगडाबाईनं मुद्दाम तसं केलं होतं. सगळं दूध आधी मोठ्या टाकीत ओतून मग कॅनमध्ये घेतलं. कॅनवर ओली पोती गुंडाळली. मी दोर बांधत होतो तेवढ्यात ती स्वतः मागं चढली, पोत्याच्या घडीवर बसली आणि तीन कॅनना हातांनी धरलं. मी म्हटलं, आक्का, पुढं बसा, मागं हाडं खिळखिळी होतील. ती म्हणाली, माझी हाडं संघात घालायची न्हाईत. चल.

सहाला निघालो.

धारूरपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. डांबर जिथं उखडलं होतं तिथं चाक आधी हळू खाली सोडायचं, मग तेवढंच हळू वर काढायचं. मागून प्रत्येक खड्ड्याला ठोकळ्याचा टाक् असा आवाज यायचा, आणि त्याच्या मागोमाग दगडाबाईचा श्वास. पाण्याचे टँकर हॉर्न वाजवत पुढं जात होते. एका टँकरवाल्यानं काच खाली करून विचारलं, काय बे, वरात हाय का. मी हात केला आणि जाऊ दिलं. माझी पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत ठणकत होती. रात्री झोप नव्हती, त्याच्या आदल्या रात्रीही नव्हती. खरं तर चार महिन्यांत नव्हतीच.

धारूर मागं पडलं आणि घाट लागला. सात वाजून गेले होते. जिथं पंक्चर झालं होतं ते वळण आलं. मी चाकांना लावलेले दगड अजून कडेलाच पडलेले होते. दगडाबाईनं ते बघितले असावेत.

‘आसाराम,’ ती मागून म्हणाली, ‘कुठला दगुड लागला रं? ह्या रस्त्यात तर एवढा मोठा मला कुठं दिसला न्हाई.’

मी गाडी चालवत राहिलो. उतार होता, ब्रेकवरचा पाय काढता येत नव्हता.

‘दगड न्हाई लागला, आक्का,’ मी म्हटलं. ‘मी बटन बंद केलं न्हाई.’

‘कावून?’

‘ध्यानातच आलं न्हाई. ते भिवरा करायची.’

मला वाटलं ती आता बोलेल. तीन दिवस सगळ्या गावाची झोप उडाली होती ती माझ्यामुळं. छावणीतल्या बायांना कळलं असतं तर त्यांनी मला सोडलं नसतं, आणि त्यात चूक काय होती. पण मागं नुसते ठोकळे वाजत होते.

‘माझा म्हातारा गेला,’ ती म्हणाली, ‘तवा मला बाजाराचा रस्ता ठावं नव्हता. चाळीस वर्षं गेलते त्या बाजाराला. पण त्याच्या मागं चालायची ना मी. त्याच्या टाचांकडं बघत. वर बघितलंच न्हाई कधी.’

‘मंग?’

‘मंग काय. चुकले. दोनदा.’

पुढच्या वळणावर मी गाडी थांबवली. टायर गरम झाले होते, ठोकळ्यावरचं रबर एका बाजूनं सरकलं होतं. मी खाली निजून ते पान्यानं ठोकून परत आत सारलं. तेवढ्यात दगडाबाई खाली उतरली, कंबर धरून उभी राहिली आणि पोत्यांवर बाटलीतलं पाणी शिंपडलं. ते आमचं प्यायचं पाणी होतं. वर चढताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात दिला. तिनं एवढंच म्हटलं की लबाडी सांगितलीस त्याचा मला राग आहे, विसरलास त्याचा नाही. मग कॅन धरून बसली.

घाट उतरल्यावर रस्ता बरा होता. साडेआठ झाले होते आणि ऊन तापलं होतं. अजून नऊ किलोमीटर राहिले होते. मी तिसरा गिअर टाकला. एका फर्लांगातच पत्रा थरथरायला लागला आणि मागून ती म्हणाली, चवथा कॅन वाजतोय. मी म्हटलं, वाजू द्या, बाकीचे बघा. ती म्हणाली, बाकीचे गप हायेत. मी तिसरा गिअरच ठेवला. एवढ्या वेगात ठोकळा फुटला असता तर आम्ही तिथंच बसलो असतो. पण त्याहून हळू गेलो असतो तर केंद्राला कुलूप दिसलं असतं. दोन्हीतलं एक धरायचं होतं, आणि ते सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तेलगावला केंद्राच्या फाटकात शिरलो. केंद्राचे मोहनराव बंद करायच्या तयारीत दुधाची नळी धुवायला लावून खुर्चीत बसले होते. गाडी बघून उठले, वाकून खाली बघितलं आणि हसले. म्हणाले, मावशी, गाडी पुढाऱ्याची अन् चाल बैलाची. दगडाबाई म्हणाली, पुढाऱ्याचीच हाय, म्हणून तर हवा निघाली. तिथल्या दोन हमालांना हसू आवरेना. मला हसायला आलं नाही. मी कॅन उतरवत होतो.

पहिल्या कॅनचं झाकण मोहनरावांनी उघडलं. पळी घालून वरचं दूध काढलं, उजेडात धरलं, वास घेतला. नमुना उकळायला पाठवला. दुसरा तसाच. तिसऱ्यात त्यांनी पळी दोनदा घातली. वर एक पिवळसर कण होता. दगडाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. मोहनरावांनी कण बोटावर घेतला, चोळला आणि म्हणाले, साय आहे. नमुना त्यांनी तोही पाठवला.

चौथं झाकण उघडल्यावर काही बघायचं उरलं नव्हतं. ज्वारीच्या दाण्याएवढं लोणी सगळ्या दुधावर तरंगत होतं. त्यांनी तो कॅन पायानं बाजूला सारला.

नमुने उकळून यायला दहा मिनिटं लागली. मी भिंतीला टेकून बसलो. तिन्ही नमुने फुटले नव्हते. मोहनरावांनी आमच्या गावाच्या नावापुढं एकशेवीस लिहिलं आणि चिठ्ठी फाडून दगडाबाईला दिली. तिनं ती वाचायला माझ्याकडं दिली. मी सावकाश वाचली. गावाचं नाव, तारीख, एकशेवीस लिटर. संकलन चालू.

‘उद्या पण ह्याच गाडीनं?’ मोहनरावांनी विचारलं.

मी म्हटलं, फुगे यायला दहा दिवस आहेत.

ते म्हणाले, ‘मग उद्या नऊच्या आत या. आज मी नळी धुवायला लावून तुमची वाट बघितली.’

आम्ही कॅन धुतले. चौथ्यातलं लोणी दगडाबाईनं हातानं गोळा केलं, दोन मुठींएवढं झालं, आणि ओल्या फडक्यात बांधलं. खालचं पातळ दूध टाकून द्यायला ती तयार नव्हती. छावणीतल्या पोरांना होईल म्हणाली. परत निघताना ती पुढं बसली. बसल्यावर लगेच तिचे डोळे मिटले. मी रिकामी गाडीसुद्धा दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. ठोकळे अजून दहा दिवस टिकवायचे होते, आणि उद्या नऊच्या आत पोचायचं तर छावणीवरून साडेपाचला निघावं लागणार होतं. त्यासाठी बायांना आज सांगायला पाहिजे होतं. घाट चढेपर्यंत ते मी दोनदा स्वतःशी म्हणून घेतलं, विसरू नये म्हणून.